सांताच्या हातातली कुऱ्हाड : एक स्वस्तातला भयपट आणि प्रेक्षकांची साक्ष



१९८४ म्हटलं की आपल्याला सियाचीन आठवतं, सुवर्णमंदिर आठवतं, ३१ ऑक्टोबर आणि त्यानंतरची दिल्ली आठवते, डिसेंबरातलं भोपाळ आठवतं. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या काही शहरांत आईबाप हातात फलक घेऊन थिएटरांबाहेर उभे होते. निषेध होता एका स्वस्तातल्या भयपटाचा. त्याचं नाव 'सायलेंट नाइट, डेडली नाइट'.

आपल्या १९८४पुढे ही गोष्ट किरकोळ आहे, हे मला मान्य आहे. तरीही आज तीच घेतोय, आणि मुद्दाम घेतोय. इतिहास वाचताना आपल्याला सारखं एकच काम करावं लागतं : लोक काय म्हणाले यावरून काय घडलं ते शोधायचं. मोठ्या घटनांमध्ये हे करताना आपला राग, अभिमान, जखमा मध्ये येतात. इथे ना आपला देव आहे, ना आपला पक्ष. नेमबाजीचा सराव जसा मोकळ्या मैदानावर करतात, तसा साक्ष तपासण्याचा सराव आज या सिनेमावर करू.

आधी सिनेमाची ओळख. दिग्दर्शक चार्ल्स सेलियर. या माणसाचं आधीचं नाव घराघरांत चालणाऱ्या सोज्वळ चित्रपटांसाठी होतं, हे लक्षात ठेवा. खर्च साधारण साडेसात लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबाने चिल्लर. चित्रीकरण यूटा राज्यात. कथा अशी : ख्रिसमसच्या आदल्या रात्री बिली नावाच्या पाच वर्षांच्या मुलासमोर सांताचा वेष घातलेला एक दरोडेखोर त्याच्या आईवडिलांना मारतो. मुलगा अनाथाश्रमात वाढतो. तिथली मुख्य जोगीण त्याची भीती समजून घेण्याऐवजी त्याला शिक्षा करत राहते. मोठा झाल्यावर तो खेळण्यांच्या दुकानात नोकरीला लागतो. ख्रिसमसला दुकानात सांता व्हायला माणूस नसतो, म्हणून मालक तो लाल वेष यालाच घालायला लावतो. तिथे त्याचं डोकं फिरतं, आणि पुढे रक्तपात.

९ नोव्हेंबर १९८४ला ट्रायस्टार या कंपनीने तो लावला. त्याच दिवशी 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट' आला. पुढे जगभर गाजलेला भयपट तो हाच. पण पहिल्या तीन दिवसांचा गल्ला पाहा : आपल्या सिनेमाचा सुमारे १४ लाख ३० हजार डॉलर, 'नाइटमेअर'चा सुमारे १२ लाख ७० हजार. हा आकडा सांगून 'आमचा सिनेमा तेव्हा जिंकला होता' असं त्याचे चाहते म्हणतात. आकडा खरा आहे, पण अर्धाच सांगितलेला आहे. आपला सिनेमा ३९८ पडद्यांवर होता आणि 'नाइटमेअर' १६५. पडद्यामागे कमाई काढली की 'नाइटमेअर' दुपटीहून पुढे जातो. साक्ष तपासण्याचा हा पहिला धडा : आकडा ऐकला की तो कशाने भागायचा ते विचारा.

आता निषेधाकडे येऊ. टीव्हीवर या सिनेमाची जाहिरात सुरू झाली. तिच्यात कुऱ्हाड घेतलेला सांता होता. पोस्टरवर धुराड्यातून बाहेर आलेला लाल बाहीचा हात आणि त्या हातात कुऱ्हाड. ही जाहिरात मुलं टीव्हीसमोर असतात अशा वेळी, कौटुंबिक मालिकांच्या मधे दिसली. आईबाप भडकले. मिलवॉकीत पालक संघटित झाले. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात एका थिएटरबाहेर लोक फलक घेऊन उभे राहिले आणि ख्रिसमसची भजनं म्हणू लागले. कंपनीने आठवड्याभरात जाहिराती थांबवल्या आणि थोड्याच दिवसांत सिनेमाही काढून घेतला.

आपल्याला प्रश्न पडेल की एका सोंगाड्यासाठी एवढं काय? सांता म्हणजे तिथे काय आहे हे त्यासाठी पाहायला हवं. आज दिसतो तो गुबगुबीत, दाढीवाला सांता मोठ्या प्रमाणात एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेने घडवला. फौजी माणसाला आवडेल असा एक तपशील सांगतो. चित्रकार थॉमस नास्टने काढलेला पहिला गाजलेला सांता जानेवारी १८६३मध्ये 'हार्पर्स वीकली'त आला. तेव्हा यादवी युद्ध चालू होतं, आणि त्या चित्रात सांता उत्तरेच्या सैन्याच्या छावणीत जवानांना भेटी वाटतोय. पुढे तो घराघरांत शिरला. त्याला टिकवतात आईबाप. पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत मूल मानतं की रात्री तो धुराड्यातून येतो, आणि आईबाप ती समजूत जपतात. आता विचार करा, तेच धुराडं, तोच लाल हात, आणि हातात कुऱ्हाड. चार वर्षांचं मूल त्या रात्री झोपेल का? पालकांचा राग या ठिकाणी होता, आणि तो मला रास्त वाटतो.

पण तो राग सिनेमावर होता की जाहिरातीवर?

फौजेत गस्तीवरून परतलेला जवान सांगतो, 'पलीकडे हालचाल आहे.' अधिकारी लगेच तीन गोष्टी विचारतो. स्वतः पाहिली की कुणाकडून कळली? किती अंतरावरून? किती वाजता? गुप्तवार्तेच्या कामात तर सांगणारा किती भरवशाचा आणि त्याने सांगितलेली बातमी किती खात्रीची, यांना वेगवेगळे गुण देतात. प्रामाणिक माणूस चुकीची बातमी आणू शकतो, आणि लबाड माणूस खरी.

हेच प्रश्न इथे लावू. फलक घेतलेल्या बहुतेक पालकांनी जाहिरात स्वतः, आपल्या दिवाणखान्यात, शेजारी मूल बसलेलं असताना पाहिली होती. जाहिरातीबद्दल त्यांची साक्ष अव्वल दर्जाची आहे. सिनेमाबद्दल ती ऐकीव आहे.

याला पुरावा हवा असेल तर मागे जा. सांताच्या वेषातला खुनी १९८४मध्ये पहिल्यांदा आलेला नव्हता. १९७२च्या 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' या ब्रिटिश चित्रपटातल्या एका कथेत तो होता, जोन कॉलिन्सच्या दारात. १९८०च्या 'ख्रिसमस ईव्हिल'मध्येही सांताच्या वेडाने पछाडलेला माणूस खून करतो. आणि ख्रिसमसचा भयपट म्हटला की १९७४चा कॅनेडियन 'ब्लॅक ख्रिसमस' आहेच. गंमत म्हणजे तो काढणाऱ्या बॉब क्लार्कनेच १९८३मध्ये 'अ ख्रिसमस स्टोरी' काढला, जो अमेरिकन कुटुंबं दर डिसेंबरात मुलाबाळांसह बघतात. यातल्या कशावरही १९८४सारखा गहजब झाला नाही. विषय तोच होता. बदललं होतं ते एवढंच, की यावेळी मोठ्या कंपनीने शेकडो पडदे घेतले आणि जाहिरात मुलांच्या वेळेत घरात पाठवली.

आता दुसरे साक्षीदार, समीक्षक. जीन सिस्केल आणि रॉजर ईबर्ट ही टीव्हीवरची प्रसिद्ध जोडी. सिस्केलने कार्यक्रमात सिनेमाशी संबंधित लोकांची नावं एकेक करून वाचली आणि त्यांना लाज वाटायला हवी असं सुनावलं. मत कडक होतं, पण हे साक्षीदार सिनेमा बघून बोलत होते. हा फरक आपल्या वहीत नोंदवायला हवा.

तिसरा साक्षीदार पैसा. दुसऱ्या आठवड्यात गल्ला बराच घसरला होता. त्यामुळे कंपनीने सिनेमा काढला तो लोकांच्या रागाने की आटलेल्या कमाईने, याची विभागणी नेमकी करता येत नाही. दोन्ही कारणं एका दिशेने ढकलत होती. मात्र एक गोष्ट ठामपणे सांगता येते. या सिनेमावर अमेरिकेत 'बंदी' आली होती असं जे आज सर्रास सांगितलं जातं, ते खोटं आहे. कुठल्याही सरकारने बंदी घातली नाही. मालकाने स्वतःचा माल दुकानातून उचलला.

हा भेद आपल्याला महत्त्वाचा वाटायला हवा, कारण आपली वाट वेगळी आहे. १९५२ साल घ्या. त्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रोसेलिनीच्या 'द मिरॅकल' या लघुपटाच्या खटल्यात निकाल दिला की चित्रपटालाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण आहे. न्यूयॉर्क राज्याने तो लघुपट धर्माचा अवमान म्हणून रोखला होता. आणि त्याच १९५२मध्ये आपल्या संसदेने सिनेमॅटोग्राफ कायदा केला, ज्यानुसार सरकारी मंडळाच्या प्रमाणपत्राशिवाय चित्रपट लावता येत नाही. १९८३मध्ये त्यात 'यूए' आणि 'एस' हे दोन वर्ग वाढले. १९८४मध्ये रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' आला तो या दारातून, आणि कमी खर्चात काढलेला तो भयपट जोरात चालला. अमेरिकेत वयाची वर्गवारी चित्रपट-उद्योग स्वतः करतो. आपल्या सिनेमाला 'आर' दर्जा होता, म्हणजे १७ वर्षांखालच्यांना मोठ्या माणसाबरोबरच प्रवेश. पण तो पहारा थिएटरच्या दारावर होता, आणि सांता घरात शिरला जाहिरातीतून. पालकांना दार ठोठावायला सरकार नव्हतं, म्हणून ते स्वतः थिएटरसमोर जाऊन उभे राहिले. दगड मारला नाही, पडदा फाडला नाही. भजनं म्हटली. निषेधाची ही पद्धत मला आवडते.

निषेधाचा उलटा परिणामही नोंदवू. १९८५मध्ये एका छोट्या वितरकाने सिनेमा पुन्हा लावला आणि त्या गदारोळाचीच जाहिरात केली. मग व्हिडिओ कॅसेट आली. १९८७मध्ये दुसरा भाग आला, ज्यात पहिल्याच भागातली दृश्यं भरपूर वापरून वेळ काढला आहे. १९९१च्या पाचव्या भागात खेळणी बनवणाऱ्या म्हाताऱ्याचं काम मिकी रूनीने केलं. हेच गृहस्थ पहिल्या भागाचा निषेध करणाऱ्यांत होते! २०१२मध्ये आणि २०२५मध्ये नव्याने चित्रपट निघाले.

आणि आता चौथे साक्षीदार, म्हणजे नंतरचे प्रेक्षक. यांच्यात तीन तट दिसतात. एक म्हणतो, हा सिनेमा भिकार आहे. अभिनय कच्चा, रक्त फार, बायकांना पडद्यावर आणायचं ते उघडं करून मारायला. दुसरा त्याला दर डिसेंबरात मित्र जमवून हसत हसत बघतो. तिसरा म्हणतो, हसू नका, पहिला अर्धा तास नीट बघा. मनाला जखम झालेल्या मुलाला धाक आणि शिक्षा दिली तर काय उगवतं ते त्यात आहे. मला विचाराल तर तिसऱ्याचं पहिल्या भागापुरतं आणि पहिल्याचं उरलेल्या सिनेमापुरतं पटतं. अनाथाश्रमातली दृश्यं खरी टोचतात. दुकान सुटल्यावर मात्र दिग्दर्शकाकडे सांगण्यासारखं काही उरत नाही, आणि तो फक्त प्रेतं मोजतो.

पण या नंतरच्या प्रेक्षकांची एक सवय मला खटकते. ते म्हणतात, '१९८४चे लोक किती बावळट, एवढ्याशा सिनेमाला घाबरले.' थांबा जरा. तुम्ही सिनेमा पाहिलात, मोठे झाल्यावर, स्वतः निवडून. ती जाहिरात तुमच्या घरात न विचारता आली नव्हती, आणि तुमच्या मांडीवर चार वर्षांचं मूल नव्हतं. त्या पालकांनी सिनेमा न बघता सिनेमावर मत दिलं. तुम्ही ती संध्याकाळ न बघता त्या पालकांवर मत देताय. दोन्हीकडे चूक एकच आहे.

कुणीही खोटं बोललेलं नाही, हे ध्यानात घ्या. पालक, समीक्षक, चाहते, सगळे आपापल्या जागेवरून दिसलं ते सांगत होते. गोंधळ होतो तो आपण सगळ्यांची मतं एकाच वस्तूवरची समजून तराजूत टाकतो तेव्हा. इतिहासाच्या पुस्तकात 'लोकांनी विरोध केला', 'जनता संतापली' अशी वाक्यं येतात, तिथे पेन्सिलीने समासात लिहा : कोणते लोक, त्यांनी काय पाहिलं होतं, आणि कुठून?

आजच्या बातम्यांना हेच लावायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. रोज सकाळी फोनवर कुणाचा तरी संताप येतोच.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.