फ्रेमिंगहॅमची नोंदवही आणि कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट

लिपिड प्रोफाइलच्या, म्हणजे रक्तातल्या मेदांच्या तपासणीच्या, रिपोर्टवरून हृदयविकाराचा धोका जोखण्याची पद्धत मुख्यतः फ्रेमिंगहॅम या गावाने घडवली. ते अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात आहे. 1948 साली तिथे 5,209 स्त्री-पुरुषांची तपासणी सुरू झाली. दर दोन वर्षांनी त्यांना बोलावायचे, रक्त, रक्तदाब, वजन, ईसीजी, सिगारेटची सवय असे सगळे नोंदवायचे आणि पुढे कोणाला हृदयविकार जडतो ते पाहायचे, असा हा संथ उद्योग होता. वयाबरोबर रक्तदाब वाढायचाच, त्यात काळजीचे काही नाही, अशी त्या काळी अनेक डॉक्टरांची समजूत होती.

कोलेस्टेरॉलवरचा संशय मात्र जुना. 1913 मध्ये रशियात निकोलाय अनिच्कोव यांनी सशांना कोलेस्टेरॉल चारून त्यांच्या धमन्यांत मेदाचे थर साचवून दाखवले होते. ससा पडला शाकाहारी, त्यामुळे त्याच्यावरून माणसाचे निदान करायला बरेच जण तयार नव्हते. माणसांतला भक्कम पुरावा फ्रेमिंगहॅममधून आला. विल्यम कॅनेल आणि सहकाऱ्यांनी 1961 मध्ये वाढलेले कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब हे हृदयविकाराचे ‘जोखीम घटक’ असल्याचे मांडले.

एकूण कोलेस्टेरॉलचा आकडा अपुरा असल्याचेही पुढे उघड झाले. 1977 मध्ये याच गावच्या नोंदींवरून एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, कमी असलेल्यांना धोका जास्त असल्याचे दिसले. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, तर अनेक प्रयोगशाळा थेट मोजतच नाहीत. 1972 च्या फ्रिडवाल्ड सूत्राने काढतात. एकूण 210, एचडीएल 40, ट्रायग्लिसराइड 150 असेल, तर 210 मधून 40 आणि 150 चा पाचवा भाग, म्हणजे 30, वजा करायचे; उरतात 140. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेले की हे सूत्र लंगडे पडते. रिपोर्टवर ही वजाबाकी सहसा दिसत नाही.

त्या 140 चा अर्थ मात्र माणसागणिक बदलतो. चाळिशीच्या, सिगारेट न ओढणाऱ्या बाईला तो फारसा जड नाही. साठीच्या मधुमेही पुरुषाला आहे. 1998 च्या फ्रेमिंगहॅम गुणांकनाने वय, लिंग, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान आणि कोलेस्टेरॉल एकत्र धरून पुढच्या दहा वर्षांतला धोका टक्क्यांत मांडला.

या हिशेबात एक खोट होती. मूळ गावकरी बहुतेक युरोपीय वंशाचे गोरे. भारतीय उपखंडातल्या लोकांत मधुमेह लवकर येतो, एचडीएल बऱ्याचदा कमी असते आणि एकूण कोलेस्टेरॉल बेताचे असूनही हृदयविकार गाठतो. ब्रिटनमध्ये 2008 साली आलेल्या क्यूरिस्क-2 या धोका मोजण्याच्या गुणांकनात म्हणूनच वंशाचा रकाना आला आणि त्यात भारतीय, पाकिस्तानी व बांगलादेशी यांचा धोका वेगवेगळा मोजला गेला.