ब्रिटनची फारकत आणि तेथील इस्पितळे

सरकारी नोकरीत बदलीचा हुकूम केव्हा हाती पडेल ह्याचा नेम नसतो, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु सुमारे नऊशे माणसांच्या अख्ख्या कचेरीची बदली चिठ्ठ्या टाकून ठरावी, असे दुसरे उदाहरण आम्हांला ठाऊक नाही. २० नोव्हेंबर २०१७ रोजी ब्रुसेल्स येथे ते घडले. युरोपीय संघातील औषधांची पारख करून त्यांना परवानगी देणाऱ्या संस्थेचे मुख्यालय १९९५ पासून लंडनमध्ये होते. ब्रिटनने संघ सोडावयाचे ठरविल्यावर ते तेथे राहणे शक्य नव्हते. नव्या गावासाठी मतदान झाले, अखेरच्या फेरीत मिलान व ॲम्स्टरडॅम ह्यांना सारखी मते पडली, आणि चिठ्ठीत ॲम्स्टरडॅमचे नाव निघाले. कोणाची मुले लंडनच्या शाळेत असतील, कोणी नुकतेच घर घेतले असेल. २०१९ च्या मार्चमध्ये बिऱ्हाडासह कचेरी हलली.

ही कचेरी गेली म्हणून लंडनच्या इस्पितळांतील एकही खाट कमी झाली नाही, हे खरे. तरीही आम्ही प्रारंभी तिचा उल्लेख केला, तो एवढ्याचसाठी की राजकीय संघातून एखादे राष्ट्र बाहेर पडते तेव्हा नेमके काय होते, ते व्यासपीठावरील भाषणांपेक्षा अशा हुकुमांत, परवान्यांत आणि नोंदवह्यांत अधिक स्पष्ट दिसते. त्यातही सार्वजनिक आरोग्यासारखे खाते म्हणजे बव्हंशी माणसांचेच खाते. ती माणसे कोठून आली आणि कोणत्या अटींवर राहिली, हे पाहिल्यावाचून ब्रिटनच्या फारकतीचा हिशोब लागत नाही.

ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. तेव्हाचे आरोग्यमंत्री ॲन्यूरिन बेव्हन हे वेल्समधील खाणकामगाराचे पुत्र, आणि स्वतःही पोरवयात खाणीत उतरलेले. रोग्याने उपचाराच्या वेळी पैसे मोजू नयेत, खर्च सरकारी तिजोरीने सोसावा, हे ह्या सेवेचे मूळ सूत्र. आपल्याकडील भोर समितीचा अहवाल १९४६ चा. विचार दोन्हीकडे एकाच सुमारास चालला होता, अंमल मात्र तिकडे झाला. दिल्लीत १९५४ साली केंद्र सरकारच्या नोकरांपुरती जी आरोग्य योजना निघाली, तिच्या दवाखान्यापुढील रांग आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या परिचयाची असेल. तीच रांग सबंध राष्ट्राची आहे अशी कल्पना करावी, म्हणजे बेव्हन ह्यांनी अंगावर घेतलेल्या कामाचा अदमास येईल.

ह्या सेवेला मनुष्यबळ पहिल्यापासूनच अपुरे पडले. आयर्लंडमधून आणि कॅरिबियन बेटांतून परिचारिका आल्या. डॉक्टर आले ते प्रामुख्याने भारतीय उपखंडातून. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात किंवा सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात शिकावयाचे आणि पुढील शिक्षणासाठी विलायत गाठावयाची, हा त्या काळचा मळलेला रस्ता होता. तेथे पोहोचल्यावर मानाच्या शाखांत शिरकाव होणे कठीण. वृद्धांचे विकार, मनोविकार, किंवा खेड्यापाड्यांतील सामान्य दवाखाना हे त्यांच्या वाट्यास येई. वेल्सच्या ज्या खाणींच्या खोऱ्यांत बेव्हन वाढले, तेथील कितीतरी वस्त्यांचा डॉक्टर पुढे एक पिढीभर भारतीयच होता.

१ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात, म्हणजे त्या वेळच्या बोलीत ‘कॉमन मार्केट’मध्ये, दाखल झाला. जून १९७५ मध्ये ह्या प्रश्नावर सार्वमत झाले आणि दोन-तृतीयांश मतदारांनी राहण्याच्या बाजूने कौल दिला. त्याच महिन्यात समुदायातील राष्ट्रांनी एकमेकांच्या डॉक्टरांच्या पदव्या मान्य कराव्यात असे निर्देश निघाले. आणि त्याच १९७५ साली ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. आपल्या पदवीधरांना भाषेची व वैद्यकाची परीक्षा द्यावी लागू लागली. एकामुळे दुसरे घडले असे आम्ही म्हणत नाही. भारतीय पदव्यांच्या वादाचा इतिहास स्वतंत्र आहे. परंतु रोमच्या पदवीधराला दार उघडे आणि मुंबईच्या पदवीधराला परीक्षा, अशी स्थिती एकाच वर्षात आली, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये. २००६ मध्ये ह्याचा पुढचा अंक झाला. परवान्यावाचून प्रशिक्षण घेण्याची आपल्या डॉक्टरांची जुनी सवलत बंद झाली, आणि प्रशिक्षणाच्या जागा भरताना युरोपीय उमेदवारास अग्रक्रम द्यावा अशी सूचना सरकारने केली. तेथील भारतीय डॉक्टरांच्या संघटनेने न्यायालयात दाद मागितली आणि २००८ मध्ये उमरावांच्या सभागृहाच्या न्यायपीठाने ती सूचना बेकायदेशीर ठरविली. तोपर्यंत कित्येक तरुण परतलेही होते. संघ म्हणजे आत असलेल्यांचे ऐक्य, आणि आत कोण हे ठरले की बाहेर कोण हे आपोआप ठरते.

युरोपीय डॉक्टरांसंबंधीही सर्व आबादीआबाद नव्हते. २००८ साली केंब्रिजशायर परगण्यात जर्मनीहून पाळीपुरता आलेल्या एका डॉक्टरने रोग्यास वेदनाशामक औषधाचा दसपट डोस दिला व रोगी दगावला. संघाच्या नियमांमुळे युरोपीय डॉक्टरांची इंग्रजीची परीक्षा कौन्सिलला घेता येत नव्हती. तो अधिकार तिला २०१४ मध्ये मिळाला. संघ सोडण्याच्या बाजूने बोलणारे सारेच परद्वेष्टे होते असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

२३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के मते संघ सोडण्याच्या बाजूने पडली. त्या प्रचारात एका लाल बसवर लिहिलेले वाक्य गाजले: आपण युरोपला आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठवितो, ते आरोग्य सेवेला देऊ या. हा आकडा ब्रिटनला मिळणारी सूट वजा न करता धरलेला होता. १९८४ मध्ये मार्गारेट थॅचर ह्यांनी झगडून मिळविलेली ती सूट आधीच वळती होत असल्याने प्रत्यक्षात जाणारी रक्कम २५ कोटींच्या आसपास होती, आणि तिच्यातूनही काही भाग शेतकऱ्यांकडे व विद्यापीठांकडे परत येत असे. सरकारी आकडेवारीवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाच्या अध्यक्षांनी २०१७ मध्ये हा आकड्यांचा उघड दुरुपयोग असल्याचे लेखी कळविले. आमच्या मते त्या वाक्याचे यश आकड्यात नव्हतेच. आरोग्य सेवेसारख्या जिव्हाळ्याच्या वस्तूचे नाव ज्या मागणीला जोडले जाते, ती मागणी अर्धी मान्य होऊन जाते.

इंग्लंडच्या आरोग्य सेवेतील शेकडा पाचच्या आसपास नोकर तेव्हा संघातील इतर राष्ट्रांचे होते. मार्च २०१७ अखेरच्या वर्षात परिचारिकांच्या नोंदपटावर युरोपातून सुमारे ६,४०० नवी नावे चढली होती. पुढल्या वर्षी ती ८०० वर आली. त्यात इंग्रजीच्या परीक्षेचा वाटा नाकारता येत नाही, कारण ती २०१६ च्या जानेवारीपासून युरोपीय परिचारिकांनाही लागू झाली होती. परंतु परीक्षेमुळे येणाऱ्यांची संख्या घटली असे म्हटले, तरी आधीपासून काम करीत असलेल्यांपैकी नोंद सोडणाऱ्यांची संख्या त्याच वर्षी वाढली, तिचा उलगडा परीक्षेने होत नाही.

ह्या मंडळींना कोणी जा म्हटले नव्हते. त्यांनी फक्त अर्ज करावयाचा होता. जेथे दहा-पंधरा वर्षे नोकरी केली, कर भरले, मुले वाढविली, तेथेच राहण्यासाठी ३० जून २०२१ पूर्वी अर्ज करावयाचा. पाच वर्षांचे वास्तव्य सिद्ध झाले तर कायमचा हक्क, नाहीतर तात्पुरता. प्रारंभी त्याला ६५ पौंड शुल्कही ठेवले होते. ओरड झाल्यावर २०१९ मध्ये ते माफ झाले. १९४७ साली आपल्याकडील सरकारी नोकरांना हिंदुस्थान की पाकिस्तान, अशी निवड कागदावर लिहून द्यावी लागली होती, आणि तात्पुरत्या निवडीचा फेरविचार करण्यास सहा महिन्यांची मुदत होती. दोन्ही प्रसंगांची तुलना अर्थातच होऊ शकत नाही. लंडनमध्ये रक्त सांडले नाही. तथापि ज्याने आपले घर कोणते हे एखाद्या नमुन्यात भरून दिले आहे, त्याला त्या परिचारिकेच्या मनाला काय लागले असेल ते कळेल.

औषधांची गोष्ट थोडक्यात सांगतो. करारावाचून बाहेर पडावे लागले तर काय, ह्या धास्तीने ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारने औषध कंपन्यांना सहा आठवड्यांचा जादा साठा करावयास सांगितले. (त्याच धांदलीत एकही जहाज नसलेल्या एका कंपनीस जहाज वाहतुकीचे कंत्राट दिले गेले व दोन महिन्यांत रद्द करावे लागले. कंत्राटांचे अनुभव सर्वत्र सारखेच!) परंतु काही द्रव्यांचा साठा होऊच शकत नाही. कर्करोगाच्या व हृदयाच्या तपासणीस लागणारे किरणोत्सर्गी मोलिब्डेनम ६६ तासांत निम्मे उरते. ते निर्माण करणारी अणुभट्टी ब्रिटनमध्ये नाही, ते समुद्रापलीकडून यावे लागते. संघ सोडल्याने त्यावर बंदी येणार नव्हती. भीती होती ती बंदरावरील खोळंब्याची, म्हणून ते विमानाने आणण्याची तजवीज झाली. उत्तर आयर्लंडला औषधे कोणत्या नियमाखाली पाठवावयाची हा गुंता तर २०२३ च्या विंडसर येथील समझोत्यानंतर, १ जानेवारी २०२५ पासून सुटला. उलट, २ डिसेंबर २०२० रोजी ब्रिटनने करोनाच्या लशीला पाश्चात्त्य राष्ट्रांत सर्वांआधी परवानगी दिली ती फारकतीमुळे, असे मोठ्याने सांगितले गेले. वस्तुतः ज्या तरतुदीखाली ती दिली ती संघाच्याच कायद्यात होती, आणि त्या दिवशी ब्रिटनला संघाचे नियम अद्याप लागू होते.

आता कामाच्या तासांकडे येऊ. आठवड्याला सरासरी ४८ तासांहून अधिक काम करावयास लावू नये, हा संघाचा निर्देश १९९३ चा. ब्रिटनने त्याविरुद्ध युरोपीय न्यायालयात दावा लावला आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये तो बव्हंशी हरला. सरकार बदलल्यावर १९९८ मध्ये नियम झाले. त्यांतून शिकाऊ डॉक्टर मात्र वगळले होते. त्यांच्या पाळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वगळणे काय होते ते सांगावयास नको. मग दोन निकाल आले. २००० मध्ये स्पेनमधील डॉक्टरांच्या दाव्यात आणि २००३ मध्ये जर्मनीतील कील येथील डॉक्टरच्या दाव्यात न्यायालयाने ठरविले की, इस्पितळात हजर राहून बोलावण्याची वाट पाहणे हेही कामच होय, मग त्या वेळात त्या डॉक्टरला पाठ टेकावयास का मिळेना. विश्रांतीच्या खोलीतील खाट ही घरची खाट नव्हे, एवढी साधी गोष्ट! ब्रिटनमधील शिकाऊ डॉक्टरांचे तास त्यानंतर पायरीपायरीने उतरले: २००४ मध्ये ५८, २००७ मध्ये ५६, २००९ मध्ये ४८. शल्यविशारदांच्या संस्थेने तक्रार केली की इतक्या तासांत हात तयार होत नाही. तीतही तथ्य आहे. परंतु रात्रभर जागलेला हात सकाळी किती तयार असतो, हेही विचारावयास हवे.

संघ सोडल्यावर हा नियम गेला नाही. ज्यांनी तो जाणार असे भाकीत केले होते त्यांचे भाकीत खोटे ठरले. संघाकडून आलेले कायदे बदलण्यासाठी २०२३ मध्ये जो कायदा झाला, त्यानंतर १ जानेवारी २०२४ पासून तासांच्या नोंदी व रजेच्या वेतनाचा हिशोब ह्यांचे नियम काहीसे सैल झाले. ४८ तास कायम आहेत. मात्र पूर्वी तो नियम मोडावयाचा तर इतर राष्ट्रांना पटवावे लागे, आता वेस्टमिन्स्टरमधील साधे बहुमत पुरेसे आहे.

रिकाम्या जागा रिकाम्या राहिल्या नाहीत. ऑगस्ट २०२० मध्ये आरोग्यसेवकांसाठी निराळा व्हिसा निघाला, जुलै २०२२ मध्ये भारत व ब्रिटन ह्यांच्यात परिचारिकांसंबंधी सामंजस्याचा करार झाला, आणि परदेशात शिकून ब्रिटनच्या नोंदपटावर आलेल्या परिचारिकांत भारताने अलीकडे फिलिपाईन्सलाही मागे टाकले. त्यांत केरळच्या मुलींचा भरणा मोठा, आणि दिल्ली-मुंबईच्या इस्पितळांतील पाळ्याही त्याच मुलींच्या आधारावर चालतात, हे येथे बदलीवर राहणाऱ्या आम्हां मंडळींना चांगले ठाऊक आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या मदतनीसांनाही हे दार उघडले. मार्च २०२४ पासून त्यांना पतीस वा मुलांस बरोबर नेता येईनासे झाले. २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवे मदतनीस घेणेच बंद झाले.

जे आधी पोहोचले आहेत, त्यांचा परवाना एका मालकाशी बांधलेला आहे. पूर्वीच्या पोर्तुगीज वा पोलिश मदतनीसाला मालक पटला नाही तर तो दुसऱ्या दिवशी शेजारच्या शुश्रूषागृहात कामाला लागू शकत असे. कोट्टयमहून गेलेल्या बाईचा मालक परवाना गमावून बसला, तर तिला साठ दिवसांत दुसरा परवानाधारक मालक शोधावा लागतो. न सापडल्यास देश सोडावा लागतो.