हरकतीची मुदत

कोरेगावच्या चावडीत जमिनीच्या हक्कातला कोणताही बदल परस्पर सातबाऱ्यावर चढत नाही. खरेदीखत होवो, वारस लागो की भावाभावांत वाटप होवो, तलाठी आधी गाव नमुना सहामध्ये फेरफाराची नोंद धरतो, ती चावडीवर प्रसिद्ध होते, हितसंबंधितांना नोटिसा बजावल्या जातात, हरकतीसाठी मुदत ठेवली जाते, हरकत आलीच तर ती तक्रारी प्रकरणांच्या वहीत निराळी उतरते, आणि चौकशीअंती मंडल अधिकाऱ्याने प्रमाणित केल्याखेरीज त्या नोंदीचा अंमल सातबाऱ्याला दिला जात नाही. ज्या साताऱ्याच्या मुलखात वतन, इनाम, कूळ आणि गहाण यांवरून पिढ्यान्‌पिढ्या दावे चालले, तेथील माणसाला या रीतीचे मर्म निराळे सांगावे लागत नाही: निकाल आपल्या बाजूने लागो वा विरुद्ध, कोणी काय मागितले, कोणी हरकत घेतली आणि ती कोणत्या कारणाने फेटाळली गेली, हे नातवालाही दप्तर उघडून वाचता यावे, यातच त्या रीतीची प्रतिष्ठा आहे.

संगणकाच्या ज्या भाषांवर कोणा एका धन्याची मालकी नाही, ज्यांचा मूळ मजकूर कोणीही वाचावा, दुरुस्त करावा आणि वाटावा अशी मोकळीक आहे, त्या भाषांचा कारभार गेल्या तीन-साडेतीन दशकांत याच रीतीच्या जवळ येत गेला. त्यांपैकी पायथन ही आज आपल्याकडच्या शाळा-महाविद्यालयांतून शिकवली जाणारी भाषा. तिच्या फेरफारांचा, आणि त्या फेरफारांत आपल्या लिपीच्या वाट्याला काय आले याचा, इतिहास मराठी वाचकाने जाणून घेण्याजोगा आहे.

ॲमस्टरडॅम येथील गणित व संगणकशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थेत काम करणाऱ्या गिडो व्हॅन रॉसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुटीत ही भाषा रचावयास घेतली आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये तिची पहिली प्रत सर्वांसाठी खुली केली. आरंभीची काही वर्षे तिचा कारभार एकछत्री होता. सूचना कोणीही करावी, वाद कितीही व्हावा, परंतु अखेरचा शब्द रॉसम यांचा, आणि तो सर्वांनी संतोषाने मानावा, असा संकेत होता. तथापि वापरणारे वाढले तसे तोंडी-त्रोटक विचारविनिमयावर भागेना, आणि २००० साली लेखी प्रस्तावांची पद्धत सुरू झाली. प्रत्येक प्रस्तावाला क्रमांक, कर्त्याचे नाव, बदलाचे कारण, विचारात घेऊन सोडून दिलेले पर्याय आणि आलेले आक्षेप; शेवटी मंजुरी वा नामंजुरी. फेटाळलेले प्रस्तावही तेथे नष्ट केले जात नाहीत, आणि माझ्या मते या पद्धतीचा सर्वांत मोलाचा भाग तोच आहे, कारण तीच मागणी दहा वर्षांनी दुसऱ्या कोणी पुन्हा केली म्हणजे पूर्वीच्या नकाराची कारणे त्याच्यापुढे ठेवता येतात. एका लहानशा अटीची वाक्यरचना कशी असावी यावर २००३ साली सर्वांचे मत घेण्यात आले, कोणत्याच पर्यायाला निर्विवाद बहुमत मिळाले नाही, आणि ती रचना प्रत्यक्ष भाषेत यावयास २००६ साल उजाडले.

परंतु ज्या फेरफाराने ही भाषा अक्षरशः दुभंगली, तो लिपीचा होता. ऑक्टोबर २००० मध्ये निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत युनिकोडला, म्हणजे जगातील सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या व्यवस्थेला, स्थान मिळाले खरे, पण जुन्या मजकुराचा प्रकारही तसाच ठेवला गेला, आणि या दोहोंची गाठ पडली की भाषा मुकाट्याने असे गृहीत धरी की मजकूर इंग्रजीच्या १२८ चिन्हांतलाच असणार. ज्यांचा सारा व्यवहार इंग्रजीत, त्यांना हा दोष वर्षानुवर्षे दिसलाच नाही. देवनागरी मजकूर हाताळणाऱ्याची आज्ञावली मात्र पहिल्याच अक्षरावर अडून बंद पडे. एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या आवृत्तीला ‘कोरेगाव’ या साध्या शब्दाची लांबी विचारली तर ती २१ असे उत्तर देई, कारण रूढ पद्धतीने साठवताना देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि ती नुसते बाइट मोजी. तिसरी आवृत्ती, जी ३ डिसेंबर २००८ रोजी प्रसिद्ध झाली, तोच शब्द ७ चिन्हांचा मोजते: चार व्यंजने आणि तीन मात्रा. आपण तो चार अक्षरांचा मानतो, म्हणजे हेही उत्तर आपले नव्हेच. आणि तो शब्द चिन्हांच्या क्रमाने उलटा करावयास सांगितला तर ‘वगारेको’ न येता ‘वागेरोक’ येतो, कारण प्रत्येक मात्रा आपले व्यंजन सोडून शेजारच्याला जाऊन बिलगते. तरीही २१ वरून ७ वर येणे ही लहान गोष्ट नव्हती. त्यासाठी जुन्या आज्ञावल्या नव्या आवृत्तीत चालणार नाहीत हे पत्करावे लागले. लोकांनी इतक्या तीव्र हरकती घेतल्या की जुन्या आवृत्तीची २०१५ ही ठरलेली अखेर पुढे ढकलून १ जानेवारी २०२० करावी लागली. एवढ्या तसदीनंतरही तो निर्णय योग्यच होता असे मी मानतो. जगातील बहुसंख्य लिप्यांना अपवाद समजणारी भाषा सार्वजनिक म्हणवून घेऊ शकत नाही.

त्याच सुमारास, २००७ साली, मार्टिन फॉन ल्योविस यांचा ३१३१ क्रमांकाचा प्रस्ताव आला: आज्ञावलीतील नावे कोणत्याही लिपीत देता यावीत. त्यावरचे आक्षेप क्षुल्लक नव्हते. दिसावयास सारखी पण क्रमांकाने भिन्न अशी अक्षरे वापरून फसवणूक करता येईल. एका देशात लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या देशातील माणसाला वाचताच येणार नाही. समर्थकांचे म्हणणे एवढेच होते की ज्याला इंग्रजी येत नाही त्यालाही आपल्या वस्तूंना आपली नावे देण्याचा हक्क आहे. प्रस्ताव मंजूर झाला, मात्र भाषेबरोबर येणारे ग्रंथालय इंग्रजीतच राहील अशी मर्यादा घालून. तेव्हापासून ‘कोरेगाव’ हे नाव मात्रांसकट आज्ञावलीत देता येते. मजकूर म्हणून दिलेल्या ‘१२’ ची संख्याही ही भाषा बिनचूक करून देते. आज्ञावलीत संख्या म्हणून देवनागरी आकडे लिहिले तर मात्र चूक दाखवते.

मोडीचे भाग्य याहून विलक्षण. युनिकोडच्या पहिल्या ६५,५३६ जागांत तिला स्थान नाही; तिला जागा मिळाली २०१४ साली, सातव्या आवृत्तीत, त्या मर्यादेच्या पलीकडे. पायथनच्या कित्येक प्रती पूर्वी अशा पलीकडच्या प्रत्येक अक्षराची दोन अक्षरे मोजीत. हा दोष सप्टेंबर २०१२ मध्ये निघालेल्या ३.३ या आवृत्तीत मुळापासून दूर झाला होता, आणि सप्टेंबर २०१५ च्या ३.५ या आवृत्तीपासून ती भाषा मोडी अक्षरांना अक्षरे म्हणून आणि मोडी आकड्यांना आकडे म्हणून ओळखू लागली. साताऱ्याच्या रुमालांत बांधलेल्या कागदांची लिपी संगणकाला मोजता यावी, ही व्यवस्था ज्यांनी केली त्यांपैकी बहुतेकांनी ते रुमाल कधी पाहिलेही नसतील.

भाषेच्या कारभारातील पालट थोडक्यात सांगतो. २०१८ च्या जुलैमध्ये ५७२ क्रमांकाच्या प्रस्तावावरून, वाक्याच्या मध्येच नावाला किंमत देण्याच्या एका चिन्हावरून, इतका कडवट वाद झाला की प्रस्ताव मंजूर करून १२ जुलै रोजी रॉसम यांनी अखेरचा शब्द उच्चारण्याचा आपला अधिकार सोडला. डिसेंबरात विकसकांनी मतदानाने पाच जणांच्या निर्वाचित मंडळाची घटना स्वीकारली, आणि एका मालकाच्या नोकरीतले दोहोंपेक्षा अधिक सभासद त्यात नसावेत असा दंडक घातला. पहिल्या मंडळावर रॉसम स्वतः निवडून आले. एकट्याची सत्ता स्वखुशीने पंचांकडे सोपवणारा आणि पुन्हा त्या पंचांत एक होऊन बसणारा माणूस मला विशेष आदरणीय वाटतो.

आपल्या प्रांताचा या भाषेशी संबंध नवा नाही. सप्टेंबर २०११ मध्ये पायथनची अखिल भारतीय परिषद पुण्यात भरली, आणि तिचे बीजभाषण प्रमुख विकसकांपैकी रेमंड हेटिंगर यांनी केले. मुंबईच्या आय. आय. टी. तील फॉसी प्रकल्पाने ती विज्ञान-अभियांत्रिकीच्या शिक्षणात रुजवली, आणि तेथल्याच स्पोकन ट्युटोरियलचे पाठ मराठीतही उपलब्ध झाले. शिकणाऱ्यांची वाण आता राहिलेली नाही.

आणि तरीही एक हरकत पडून आहे. मजकुरातून शब्द निवडून काढण्यासाठी या भाषेत जी रेग्युलर एक्स्प्रेशनची सोय आहे, तीत शब्दाचा घटक असलेले कोणतेही चिन्ह दर्शवण्यास उलटी तिरकी रेघ आणि डब्ल्यू ही खूण आहे. युनिकोडमध्ये मात्रांची गणना अक्षरांत होत नाही, त्या निराळ्या वर्गात मोडतात. ही खूण अक्षरे, अंक आणि अधोरेघ एवढ्यांनाच मानते. परिणामी ‘कोरेगाव’ या शब्दाचे क, र, ग, व असे चार तुकडे होऊन मात्रा गळून पडतात. ज्या शब्दाला नाव म्हणून ही भाषा सबंध स्वीकारते, त्याच शब्दाला शोधताना ती ओळखत नाही! देवनागरी शब्दांचे असे तुकडे होतात ही तक्रार २००७ सालीच दाखल झाली. पर्ल भाषेचे जाणकार टॉम क्रिश्चनसन यांनी २०११ मध्ये हे वर्तन युनिकोडच्या स्वतःच्या शिफारशीविरुद्ध कसे आहे ते सविस्तर मांडले. मॅथ्यू बार्नेट यांच्या ‘रेजेक्स’ या स्वतंत्र जोडग्रंथालयात मात्रा शब्दात धरल्या जातात, त्यामुळे ज्याला फारच नड असेल त्याचे काम भागते. मूळ भाषेत बदल करणे अवघड आहे, कारण आज चालू असलेल्या असंख्य आज्ञावल्यांची उत्तरे त्याने बदलतील, आणि ही अडचण खरी आहे.

हे काम मराठी तरुणांनी अंगावर घ्यावे असे मला मनापासून वाटते, कारण कोणता तुकडा चुकीचा आणि कोणता बरोबर हे त्यांना विचारावे लागत नाही. लेखी प्रस्ताव, देवनागरीबरोबर तमिळ-बंगालीच्याही चाचण्या, जुन्या आज्ञावल्यांसाठी सवलतीची वाट, आणि आक्षेपांना एकेक करून उत्तरे, एवढा ऐवज त्यासाठी लागेल. २०१९ साली मंजूर झालेल्या वेळापत्रकाप्रमाणे दरवर्षी ऑक्टोबरात नवी आवृत्ती निघते. तीत हा बदल यावयाचा असेल तर त्याआधीच्या मे महिन्यात, पहिली बीटा प्रत निघून नव्या वैशिष्ट्यांना दार बंद होण्यापूर्वी, तो मूळ मजकुरात दाखल झालेला असला पाहिजे.