चंद्रभागेवर काशीची छत्री

पंढरपूरच्या वाळवंटात बोर्ड मांडीवर घेऊन बसलेल्या एका पोराच्या मागे मी पाऊण तास उभा होतो. सोलापूरचा, चित्रकला शिकणारा. सोलापूर शहराला घाट असलेली नदी नाही. सिद्धेश्वराचं तळं आहे, पण तेच देऊळ आणि तोच किल्ला माणूस किती वेळा काढणार? म्हणून तिथले चित्रकलेचे विद्यार्थी रविवारी पहाटेची एसटी पकडून 70 किलोमीटरवर पंढरपुरात येतात, ‘स्पॉट’ करायला, म्हणजे जागेवर बसून चित्र काढायला. पोराचा हात चांगला होता. आभाळाचा वॉश एका दमात उतरला होता. महाद्वार घाटाच्या पायऱ्या, वर जुन्या वाड्यांच्या भिंती, खाली होडी. आणि पायऱ्यांवर एक भलीमोठी, बांबूच्या दांड्याची, उन्हाने विटलेली छत्री.

मी घाटाकडे पाहिलं. तिथे छत्री नव्हती.

‘ही कुठली रे?’

‘बनारसची,’ तो सहज म्हणाला. ‘घाट म्हटल्यावर छत्री लागतेच ना, काका.’

त्या ‘लागतेच’चं कूळ शोधायला हवं. पोराने छत्री उचलली मोबाइलवरच्या जलरंगाच्या प्रात्यक्षिकातून. त्या चित्रकारानेही ती आधीच्या कुणाच्या तरी चित्रात पाहिली असणार. आपल्याकडे घाट काढणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. नाशिकच्या शिवाजी तुपे यांनी गोदाकाठ रंगवला, यशवंत शिरवाडकरांचं नाव तर बनारसशीच जोडलं गेलं. त्याही आधी, 1960 च्या सुमारास, दोन चित्रकार मिळून बनारसला गेले होते: रामकुमार आणि मकबूल फिदा हुसेन. रामकुमारांच्या चित्रांतून माणसं नाहीशी झाली, उरली एकमेकांवर रेललेली करडी घरं. म्हणजे छत्रीशिवाय, माणसांशिवायही घाट काढता येतो, हे तेव्हाच सिद्ध झालेलं आहे. हुसेन मात्र निराळ्याच शिदोरीवर जगत होते. 1948 मध्ये दिल्लीत चित्रकार सूझांबरोबर त्यांनी प्राचीन भारतीय कलेचं मोठं प्रदर्शन पाहिलं होतं. मथुरेच्या मूर्तींचा डौल आणि बसोली लघुचित्रांचे भडक, सपाट रंग त्यांच्या हातात तेव्हापासून उतरले ते कायमचे. आणि हे हुसेन जन्मले कुठे? याच पंढरपुरात, 1915 मध्ये.

पण पोराच्या कागदावरचा तो पाणीदार, पारदर्शक रंग हुसेनांकडून आलेला नाही. तो आला जे. जे. स्कूलमधून. 1857 मध्ये सुरू झालेल्या या शाळेत विलायती मास्तरांनी विलायती जलरंग शिकवला, आणि हळदणकर, परांडेकर यांच्या पिढीने तो इतका मुरवला की तो आपलाच वाटू लागला. त्या जलरंगाच्याही मागे जावं, तर घाटाच्या चित्रापुरते दोन इंग्रज भेटतात. थॉमस डॅनिएल आणि त्याचा पुतण्या विल्यम. 1786 मध्ये कलकत्त्याला उतरले तेव्हा पुतण्या 16-17 वर्षांचा, म्हणजे आपल्या या पोरापेक्षाही लहान. गंगेवरून वर जात त्यांनी घाट टिपले, आणि परत गेल्यावर 1795 ते 1808 या काळात 144 चित्रांचा संग्रह छापला. त्यात बनारसचा दशाश्वमेध घाट आहे.

छपाईची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक भुकटी बसवायची आणि पत्रा आम्लात बुडवायचा. कणांच्या फटीत आम्ल शिरून तांबं खातं, शाई तिथे धरते, आणि कागदावर धुक्यासारखी करडी छटा उठते. जिथे पांढरं हवं तिथे आधीच वार्निश लावायचं, म्हणजे आम्ल शिवत नाही. छापून झालं की वर हाताने जलरंग. उजेड ‘रंगवायचा’ नाही, राखून ठेवायचा. आमच्या पोराने पायऱ्यांच्या कडा कोऱ्या सोडल्या होत्या, त्याही अशाच. मास्तरांनी सांगितलं म्हणून तो सोडतो. मास्तरांना त्यांच्या मास्तरांनी सांगितलेलं.

आता गंमत पाहा. डॅनिएलांनी टिपलेला दशाश्वमेध बांधला कुणी? नानासाहेब पेशव्यांनी. बनारसच्या दगडी काठाचा केवढा तरी भाग मराठी पैशातला: भोसले घाट, अहिल्याबाईंचा घाट, बायजाबाईंचा शिंदे घाट, जो आपल्याच वजनाने खचला. आणि पंढरपुरात महाद्वाराजवळ होळकर वाडा उभा आहे, बायजाबाईंनी बांधवलेलं द्वारकाधीशाचं मंदिर उभं आहे. बांधणारी घराणी तीच, दोन्ही काठ पूर्वेकडे तोंड करून, दोन्हीकडे नदी चंद्रकोरीसारखी वळलेली. भीमेला इथे चंद्रभागा म्हणतात ते या वळणामुळेच. दक्षिण काशी हे नाव पंढरपूरने उगाच मिरवलेलं नाही. तेव्हा पोराच्या डोळ्यांची फसगत झाली, तर तिला थोडा आधार आहे, हे मला मान्य करावं लागलं.

तरी माझी तक्रार आहे. पंढरपूरची खरी मौज छत्रीवाल्या मांडणीत बसत नाही. बनारसला घाट पाहायचा तर होडीत बसावं लागतं. इथे माणूस थेट नदीच्या पात्रात, वाळूवर बसून घाटाकडे पाहतो. पुंडलिकाचं देऊळ काठावर नाही, पात्रातच आहे. पावसाळ्यात पुरात वेढलं जातं, उन्हाळ्यात कोरड्या वाळूत उभं राहतं. आणि पाणी किती असणार, हे वर उजनी धरणातून किती सोडलं यावरही अवलंबून. अशी नदी डॅनिएलांनी कधी काढली नव्हती, म्हणून तिचा तयार साचा आपल्याकडे आलेला नाही. पोराने पुंडलिकाचं देऊळ गाळलंच होतं.

हे मी त्याला सांगितलं, थोडं जास्तच लांबवून. त्याने ब्रश डब्यात खळबळला, ऐकून घेतलं.

‘बरोबर आहे, काका. पण छत्री असली की पटकन जातं. गिऱ्हाईक विचारत नाही कुठला घाट ते.’

मग त्याने कडेची चिकटपट्टी सावकाश सोलली. चारी बाजूंनी पांढरी चौकट उघडी पडली, आणि त्याने खाली पेन्सिलीने लिहिलं: ‘पंढरपूर’.