आखूड दांड्याची कुदळी: कायद्याला दिसलेली आणि न दिसलेली इजा

कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचा इतिहास म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? गिरणी येते, खाण येते, फुटलेला बॉयलर येतो. बाग काही येत नाही. बाग ही विरंगुळ्याची जागा, तिथे कोणाला काय होणार, असा आपला समज असतो. पण त्या हिरवळीवर रोज आठ-दहा तास काम करणारा माणूस असतोच, आणि त्याच्या शरीराचं काय होतं हा प्रश्न कायद्याने फार उशिरा विचारला. त्या उशिराची गोष्ट आज आपण पाहणार आहोत. त्यासाठी आम्ही अमेरिकेतलं कॅलिफोर्निया राज्य निवडलं आहे, कारण शेतातून बागेत आलेला मजूर आणि त्याच्यामागून रखडत आलेला कायदा, हे दोन्ही तिथे कागदोपत्री स्पष्ट दिसतात.

सुरुवात एका अवजारापासून करू. आपल्या छोट्या कुदळीसारखं, पण पातं पातळ आणि चपटं. दांडा जेमतेम फूटभर. मेक्सिकोतून आलेले मजूर त्याला स्पॅनिशमध्ये 'एल कोर्तितो' म्हणत, म्हणजे 'बुटकं'. सालिनास खोऱ्यातल्या लेट्यूसच्या आणि बीटच्या शेतात विरळणी आणि तणकाढणी या कुदळीने व्हायची. दांडा इतका आखूड की कमरेत पुरतं वाकल्याशिवाय पातं जमिनीला लागतच नाही. दिवसभर असं वाकून सरी संपवायची, वळायचं, पुढची सरी धरायची.

आता कोणी विचारेल, लांब दांड्याचं अवजार नव्हतं का? होतं की! इतर ठिकाणी तेच वापरत होते. मालकांचं म्हणणं असं की मजूर रोपाच्या जवळ असला की हात नेमका चालतो, चांगलं रोप कापलं जात नाही. मजुरांचं म्हणणं वेगळं होतं. कुदळी आखूड असली की मुकादमाला शेताच्या बांधावरून एका नजरेत कळतं, कोण काम करतंय आणि कोण उभं आहे. पाठ सरळ झाली म्हणजे काम थांबलं! आम्हाला मजुरांचं म्हणणं जास्त पटतं, कारण नेमकेपणाचाच प्रश्न असता तर लांब दांड्यावर हात बसवायला शिकवता आलं असतं. ही कुदळी जितकं तण काढायची तितकीच देखरेखही करायची. शेतमजुरांचे नेते सेझर चावेझ यांनी तरुणपणी ती वापरली होती आणि आपल्या पाठदुखीचं कारण ते तीच सांगत.

1972 मध्ये 'कॅलिफोर्निया रुरल लीगल असिस्टन्स' या गरिबांसाठी काम करणाऱ्या वकिलांच्या संस्थेने हे अवजार बंद करा असा अर्ज राज्याच्या औद्योगिक सुरक्षा विभागाकडे केला. मॉरिस जॉर्डेन हे त्यातले तरुण वकील. अर्जदारांत सेबास्टियन कार्मोना हे शेतमजूर होते, त्यांच्याच नावाने पुढे खटला ओळखला गेला. आधार होता एका साध्या नियमाचा: असुरक्षित हत्यार वापरायला देऊ नये. सुनावणीत डॉक्टरांनी सांगितलं की अशा वाकण्याने मणक्याची कायमची झीज होते. तरीही 1973 मध्ये विभागाने अर्ज फेटाळला.

का फेटाळला, ते इथे नीट बघा, कारण सगळी गोम त्यात आहे. विभागाने नियमाचा अर्थ असा लावला की 'असुरक्षित' हत्यार म्हणजे सदोष हत्यार. पातं सैल आहे, दांडा तडकलेला आहे, उडून कोणाला लागेल, ते असुरक्षित. धडधाकट कुदळी, जिने कोणाचं बोटही कापलं जात नाही, ती असुरक्षित कशी? वीस वर्षांनी पाठ जाते हे त्या व्याख्येत कुठे बसतच नव्हतं.

ही समजूत एकट्या कॅलिफोर्नियाची नव्हती बरं का. कामगार नुकसानभरपाईचा ब्रिटिश कायदा 1897 चा. तोही 'अपघात' या शब्दावर उभा होता. शिसं, पारा, फॉस्फरस यांनी हळूहळू होणारे आजार त्यात यायला 1906 उजाडलं. आपल्याकडचा 1923 चा कायदा त्याच घराण्यातला: मूळ कलम अपघाताचं, आजारांची यादी मागे वेगळ्या परिशिष्टात. अपघाताला तारीख असते, वेळ असते, साक्षीदार असतात. झिजलेल्या मणक्याची तारीख कोण सांगणार?

जानेवारी 1975 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ मोडून काढला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: हत्यारात दोष नसला तरी ते ज्या पद्धतीने वापरावं लागतं त्या पद्धतीने दीर्घकाळात इजा होत असेल, तर तेही असुरक्षितच. विभागाने फेरविचार केला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आखूड कुदळीवर बंदी आली. लेट्यूसची शेती काही बुडाली नाही. मात्र काही ठिकाणी कुदळी काढून घेऊन मजुरांना नुसत्या हातांनी तण उपटायला लावलं गेलं, म्हणजे वाकणं तसंच राहिलं. त्यावर निर्बंध यायला 2004 साल उजाडलं, आणि तेव्हाही सेंद्रिय शेतीला सवलत मिळाली. सेंद्रिय भाजी घेताना हे सहसा कोणी सांगत नाही.

आता शेतातून शहरात येऊ. लॉस एंजेलिसच्या बंगल्यांच्या बागा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठ्या प्रमाणावर जपानी वंशाच्या माळ्यांच्या हातात होत्या. 1955 मध्ये त्यांनी आपला महासंघही काढला. नंतर ही कामं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्यांकडे गेली. त्यांच्या पाठीवर आलं ते नवं यंत्र, लीफ ब्लोअर. हे मूळचं पाठीवरच्या औषधफवारणीच्या पंपाचं भावंड. औषधाची टाकी काढली आणि नुसती हवा ठेवली. 1970 च्या दशकातल्या दुष्काळात अंगण पाण्याने धुण्यावर निर्बंध आले, तेव्हा त्याचा खप वाढला.

यंत्राचा आवाज शेजाऱ्यांना सहन होईना. लॉस एंजेलिस शहराने घरांपासून 500 फुटांच्या आत पेट्रोलच्या ब्लोअरवर बंदी घातली, ती 1998 मध्ये लागू झाली. त्या जानेवारीत काही लॅटिन अमेरिकन माळ्यांनी सिटी हॉलसमोर उपोषण केलं. कशासाठी? यंत्र राहू द्या म्हणून! आपण गोंधळतो, कारण कुदळीच्या वेळी मजूर हत्यार बंद करा म्हणत होते. पण हिशोब सरळ आहे. माळ्याला पैसे घरामागे मिळतात. खराट्याने आणि दाताळ्याने एका घराला वेळ जास्त लागतो, म्हणजे दिवसाची घरं कमी आणि कमाईही कमी. त्या सगळ्या वादात मुख्य बोलणं झालं ते रहिवाशांच्या कानांचं आणि झोपेचं. यंत्र ज्याच्या पाठीला बांधलेलं आहे त्याच्या कानांबद्दल शहराचा नियम गप्प होता.

त्या कानांचं गणित आपण करू. अमेरिकेतल्या 'नायॉश' या व्यावसायिक आरोग्य संशोधन संस्थेची शिफारस आहे की 85 डेसिबल आवाजात आठ तासांपेक्षा जास्त काम करू नये, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा करावा. म्हणजे 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक, 97 ला अर्धा तास आणि 100 ला फक्त पंधरा मिनिटं. पेट्रोलचे अनेक ब्लोअर चालवणाऱ्याच्या कानाशी 95-100 च्या घरात जातात. पंधरा मिनिटांत एका घराची पानंसुद्धा पुरती गोळा होत नाहीत. शिवाय दोन-स्ट्रोक इंजिनातलं अर्धवट जळालेलं पेट्रोल आणि तेल श्वासात जातं, ते वेगळंच. पण यातले बरेच माळी स्वतःचा ट्रक, स्वतःची अवजारं घेऊन फिरणारे. सुरक्षेचा कायदा मालकाला जबाबदार धरतो, आणि इथे मालकच नाही. 2021 मध्ये राज्याने कायदा केला, त्यानुसार 2024 पासून अशा नव्या पेट्रोल यंत्रांची विक्री थांबायची होती. त्यातही मुख्य कारण हवेच्या प्रदूषणाचं होतं.

गंमत म्हणजे उन्हाच्या बाबतीत कायदा चटकन जागा झाला. 2005 मध्ये शेतमजुरांच्या मृत्यूंनंतर कॅलिफोर्नियाने उघड्यावरच्या कामासाठी पाणी, सावली, विश्रांती यांचा नियम केला, आणि 2010 पासून पारा सुमारे 35 अंशांवर गेला की ज्या उद्योगांना जादा काळजी घ्यावी लागते, त्यांत बागकामाचं नाव स्पष्ट लिहिलं. उष्माघाताने माणूस त्याच दिवशी पडतो. त्याला तारीख असते.

औषधाला मात्र तारीख नसते. ड्वेन जॉन्सन हे बेनिशिया गावच्या शाळांच्या मैदानांची निगा राखणारे कर्मचारी. तणनाशक फवारणं हे त्यांचं काम, दोनदा ते औषधाने अक्षरशः भिजले होते. 2014 मध्ये त्यांना लिम्फोमा या प्रकारचा कर्करोग असल्याचं निदान झालं. ऑगस्ट 2018 मध्ये ज्युरीने मॉन्सॅन्टो कंपनीने पुरेसा इशारा दिला नाही असं ठरवून 28.9 कोटी डॉलर द्यायला सांगितले. अपिलात ती रक्कम उतरत 2.05 कोटींवर आली. ग्लायफोसेटने कर्करोग होतो का, यावर जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था आणि अमेरिकेची पर्यावरण संस्था यांची मतं वेगवेगळी आहेत. पण पाहण्यासारखी गोष्ट ही की चाळीस वर्षांपूर्वी कुदळीवर जो वाद झाला, तोच इथे बाटलीवरच्या लेबलावर झाला.

आता आपल्या अंगणात. कारखाने अधिनियम 1948 चा होता, पण सोसायटीची बाग किंवा महापालिकेचं उद्यान हा त्यात कारखाना नव्हता. कीटकनाशकांच्या 1971 च्या नियमांत मात्र एक तरतूद आहे, ती फारशी कोणाला ठाऊक नसते: फवारणीच्या कामावर असलेल्याची कामावर घेण्यापूर्वी आणि नंतर ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी व्हावी, त्याला संरक्षक कपडे मिळावेत. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, वीसपेक्षा जास्त दगावले. त्या वेळी चर्चा झाली ती बरीचशी हातमोजे आणि मास्क का घातले नाहीत याची. नियमात 'कामावर घेण्यापूर्वी' असे शब्द आहेत. सकाळी नाक्यावरून उचललेल्या आणि संध्याकाळी रोजंदारी देऊन मोकळ्या केलेल्या माणसाच्या बाबतीत हे 'पूर्वी' नेमकं कधी येतं, हे त्या नियमात कुठे लिहिलेलं नाही.