पिठाचा स्फोट : २४० वर्षांपूर्वीचा धडा

३० जून २०२५ रोजी तेलंगणातील पाशमैलारम औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात स्फोट होऊन चाळीसहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. तेथे दारूगोळा तयार होत नव्हता. तेथे मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज बनत असे. ही वनस्पतीजन्य पांढरी भुकटी औषधांच्या गोळ्यांमध्ये आणि काही खाद्यपदार्थांमध्येही वापरली जाते. अशी कोरडी भुकटी हवेत पसरून पेटली असावी, ही शक्यता या दुर्घटनेनंतर चर्चेत आली. निरुपद्रवी दिसणारी पूड इमारत उद्ध्वस्त करू शकते, हे ऐकून आश्चर्य वाटते. विज्ञानाच्या दप्तरी मात्र या प्रकाराची नोंद १७८५ पासून आहे.

त्या वर्षी १४ डिसेंबरच्या संध्याकाळी इटलीतील तुरीन शहरात एका बेकरीच्या पीठकोठारात स्फोट झाला. एक मुलगा दिव्याच्या उजेडात ढिगाच्या तळाकडील पीठ ओढत होता. वरचे पीठ एकदम कोसळले, दाट ढग उठला आणि तो दिव्याच्या ज्योतीवर पेटला. खिडक्यांच्या चौकटी रस्त्यावर जाऊन पडल्या. मुलाचा चेहरा आणि हात भाजले. दुसऱ्या मुलाने घाबरून उडी मारली आणि त्याचा पाय मोडला. काउंट मोरोझो यांनी या घटनेची चौकशी करून तुरीनच्या विज्ञान अकादमीसाठी वृत्तांत लिहिला. पाच-सहा महिने पाऊस नव्हता आणि पीठ नेहमीपेक्षा फार कोरडे होते, हेही त्यांनी टिपले. कोरडी बारीक पूड, हवेत उठलेला ढग, बंदिस्त जागा आणि ज्योत असे धूलिस्फोटाचे सर्व घटक त्या एका वृत्तांतात आले आहेत.

यामागील भौतिकी सरळ आहे. ज्वलन पदार्थाच्या पृष्ठभागावर होते. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याच घनाचे १० मायक्रोमीटर बाजूचे कण केले, तर एकूण पृष्ठफळ ६००० चौरस सेंटिमीटर होते. पदार्थ तेवढाच राहतो, पण प्राणवायूशी संपर्क हजारपट वाढतो. पोत्यातले पीठ धुमसते. तेच पीठ हवेत योग्य प्रमाणात तरंगत असेल, तर ज्योत एका कणावरून दुसऱ्या कणावर क्षणार्धात पोहोचते. बंद जागेतील तप्त वायूंना प्रसरणाला वाव नसतो. दाब वातावरणाच्या सात-आठ पटींपर्यंत चढू शकतो, आणि त्याच्या लहानशा अंशानेही विटांची भिंत कोसळते.

एकोणिसाव्या शतकात कारखाने वाढले आणि अपघातांचा आकारही वाढला. १८४४ मध्ये इंग्लंडमधील हॅसवेल कोळसाखाणीत ९५ जण मरण पावले. चौकशीसाठी गेलेल्या मायकेल फॅरेडे आणि चार्ल्स लायेल यांनी खाणवायूबरोबर कोळशाची धूळही जळाली होती, असे दाखवून दिले. पण त्यांच्या या निष्कर्षाकडे पुढे अनेक दशके दुर्लक्ष झाले. १८७२ मध्ये ग्लासगोच्या ट्रेडस्टन पीठगिरणीत १८ जण दगावले. २ मे १८७८ रोजी अमेरिकेत मिनियापोलिसची सातमजली वॉशबर्न ‘ए’ गिरणी स्फोटात नाहीशी झाली. तेथेही १८ बळी गेले आणि शेजारच्या गिरण्या उद्ध्वस्त झाल्या. धान्य न पडता कोरडी फिरणारी जाती एकमेकांवर घासून ठिणगी पडली, असे अनुमान निघाले. मिनेसोटा विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी हवेत पीठ उडवून, ते पेटवून पाहिले आणि स्फोट पिठाचाच होता हे सिद्ध केले. त्यानंतर बांधलेल्या गिरण्यांमध्ये धूळ शोषून घेणारी यंत्रे आली.

भारतानेही या धड्याची किंमत मोजली आहे. २८ मे १९६५ रोजी आजच्या झारखंडमधील धोरी कोळसाखाणीत स्फोट होऊन २६८ कामगार मरण पावले. कोळसाखाणींत धुळीवर चुनखडीची पूड पसरण्याचा उपाय आहे. ही पूड उष्णता शोषते आणि ज्योत पुढे जाऊ देत नाही. पीठ, साखर किंवा दुधाची भुकटी यांच्यात दगडाची पूड मिसळता येत नाही. त्यामुळे अन्नप्रक्रिया कारखान्यात धूळ साचू न देणे, हा संरक्षणाचा पाया ठरतो.

किती धूळ धोकादायक, याचे एक साधे गणित आहे. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर जाडीचा पिठाचा थर म्हणजे सुमारे ५०० ग्रॅम पीठ. पाच मीटर उंचीच्या खोलीत तो सर्वत्र उडाला, तर दर घनमीटर हवेत १०० ग्रॅम धूळ होते. अनेक खाद्य-भुकट्यांच्या स्फोटाला एवढे पुरेसे असते. म्हणूनच पहिला स्फोट लहान असला, तरी त्याच्या धक्क्याने तुळयांवर, पाइपांवर आणि दिव्यांच्या टोप्यांवर साचलेली धूळ उठते व दुसरा, कितीतरी मोठा स्फोट होतो.

७ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील पोर्ट वेंटवर्थ येथील साखर कारखान्यात हेच घडले. साखरेत कचरा पडू नये म्हणून सायलोखालचा कन्व्हेयर वर्षभरापूर्वी पोलादी पत्र्यांनी झाकण्यात आला होता. आतली साखरेची धूळ त्यामुळे तेथेच कोंडली गेली. बहुधा तापलेल्या बेअरिंगने ती पेटली आणि साचलेल्या साखरेच्या आधारे स्फोटांची मालिका इमारतभर पसरली. १४ कामगारांचे प्राण गेले, ३६ जखमी झाले. स्वच्छतेसाठी केलेला बदल धुळीचा विचार न केल्याने घातक ठरला.

भारतीय कायद्यात हा विचार स्वातंत्र्याच्या पाठोपाठच आला. १९४८ च्या कारखाना अधिनियमाचे कलम ३७ स्फोटक धुळीसाठी तीन उपाय सांगत होते : यंत्रे बंदिस्त करणे, धूळ साचू न देणे किंवा ती काढून टाकणे, आणि ठिणगीचे सर्व स्रोत दूर ठेवणे किंवा झाकणे. यंत्र स्फोटाचा दाब सोसू शकेल इतके भक्कम नसेल, तर दाब बाहेर सोडणारी झडप वा तत्सम साधन बसवावे, असेही त्यात होते. आज याला अर्थिंग, लोखंडाचे तुकडे पकडणारी चुंबके आणि बेअरिंगचे तापमान मोजणारे संवेदक यांची जोड मिळते. दूध भुकटीच्या ड्रायरमध्ये चिकटून राहिलेला थर आपोआप तापून पेटू शकतो. तो वेळच्या वेळी खरवडणे हेही सुरक्षेचेच काम आहे.

हे काम बहुतेकदा सफाई कामगाराच्या वाट्याला येते. दाबाखालच्या हवेने धूळ उडवली की जमीन लवकर साफ होते, पण ज्या ढगाला भ्यायचे तोच ढग तयार होतो. त्यासाठी योग्य प्रकारचा व्हॅक्यूम लागतो. हा फरक त्या कामगाराला कोणीतरी समजावून सांगावा लागतो, आणि तुळयांपर्यंत पोहोचण्यासाठी उत्पादन थांबवून वेळ द्यावा लागतो.

अज्ञान आणि निष्काळजीपणा यांनी होणारी हानी दुष्ट हेतूने केलेल्या हानीहून अनेकदा मोठी असते, असे मोरोझो यांनी नोंदवून ठेवले होते. तुरीनच्या त्या मुलाच्या वेळी अज्ञान ही सबब खरी होती. आज तुळईवर मिलिमीटरभर पीठ साचू देणाऱ्या व्यवस्थापनाला ती सबब उरलेली नाही.