नाणेघाट

कल्याण व सोपारा ही बंदरे जुन्नरमार्गे पैठणशी जोडणाऱ्या प्राचीन व्यापारी मार्गावरील सह्याद्रीतील घाट आणि वाटसरूंचे विसाव्याचे ठिकाण. नांदते मुक्कामाचे गाव इथे उरलेले नाही. उरली आहेत ती खडकात कोरलेली लेणी, पाण्याची टाकी आणि दगडी पायवाट.

मुख्य लेणे मुक्कामापुरते नव्हते. ते सातवाहन राजकुलाचे स्मारकच होते. मागच्या भिंतीवर सिमुक, सातकर्णी, नागनिका आदींच्या प्रतिमा कोरल्या होत्या. त्या आता नष्ट झाल्या असून काहींची फक्त पावले आणि वर ब्राह्मीतील नावे दिसतात. बाजूच्या भिंतींवरील नागनिकेच्या प्राकृत लेखात यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती व कार्षापण नाण्यांची दक्षिणा नोंदली आहे. हा लेख साधारणपणे इ. स. पू. पहिल्या शतकातला मानतात. त्यातील अंक भारतीय संख्यालेखनाच्या इतिहासात फार मोलाचे आहेत. दुर्दैवाने लेखाचा बराच भाग झिजला आहे. अक्षरांना हात लावू नये.

घाटमाथ्यावरचा मोठा दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवतात. कोकणातून वैशाखरे गावाजवळून पायी चढता येते. जुन्नरकडून घाटघरमार्गे वाहन माथ्यापर्यंत जाते.